खंडेनवमीची रायफल

अहो,

तुमच्या हयातीत मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लग्न ठरलं तेव्हा घरात फोन होता, आणि लग्नानंतर तुम्ही समोरच असायचात. आता तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा लिहायला बसले आहे. त्याला कारण दोन फोन.

पहिला रविवारी आला, सईचा, कोलोनहून. तिनं ट्रेनमध्ये बातमी वाचली होती. हत्यारांचा कायदा आणखी कडक करायचं इथल्या संसदेत चाललंय, बंदुकीच्या जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनवर बंदी, परवानेवाल्यांची पुन्हा पुन्हा तपासणी, असं काहीबाही. नेहमीसारखी ती जर्मनमध्ये बोलत होती आणि मी मराठीत हूं हूं करत होते. मग मध्येच ती मराठीत म्हणाली, "आई, हे वाचून बाबा मला परत ओरडले असते ना?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "ओरडले असते तर बरं झालं असतं."

दुसरा फोन दुसऱ्या दिवशी, साताऱ्याहून भाऊजींचा. वर्षश्राद्धाचं विचारायला केला होता. मी म्हटलं, सई शुक्रवारी येते आहे, गुरुजी स्काइपवर सांगतील तसं तीच सगळं करेल. भाऊजी म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण जिनं दादाचा घात केला, तिच्या हातचं पाणी दादाला पोचेल का? त्यापेक्षा मी इथं करतो."

घात! हा शब्द भाऊजींचा नाही, तो तुमचा. तुम्हीच तो साताऱ्यापर्यंत पोचवलात. मी "बघू" म्हणून फोन ठेवला, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाहीये. शुक्रवारी सईशी बोलायचंच आहे. पण त्याआधी तुमच्याशी बोलून घेते. आज निदान तुम्ही मध्येच उठून टीव्ही लावणार नाही.

आठवतं, इथं आल्यावर पहिली तीन वर्षं तुम्ही किती कोमेजून गेला होतात? दिवसभर कारखान्यातले पंप आणि व्हॉल्व्ह, संध्याकाळी मी आणि सई. शेजारी "हालो"च्या पुढे सरकत नव्हते. मग तुमच्या खात्यातल्या क्राउससाहेबांनी एका शनिवारी तुम्हाला गावच्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. घरी आलात ते वेगळेच होऊन. बूट काढायच्या आधी म्हणालात, "मंगल, तिथं सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. मलाही केलं गं!"

मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? तुम्ही वर्षभर नियमानं सरावाला गेलात, परीक्षा दिलीत, परवान्याचं कार्ड मिळवलंत. क्लबच्या उत्सवात हिरवा कोट घालून बँडच्या मागे मिरवणुकीत चाललात. साताऱ्यात गणपतीच्या मिरवणुकीला कानात कापूस घालून बसणारा माणूस! मी आणि सईनं फुटपाथवरून हात हलवले, तर आमच्याकडे बघायचीही तुम्हाला लाज वाटत होती, इतके तुम्ही शिस्तीत होतात. फोटो मात्र साताऱ्याला त्याच दिवशी गेले.

पहिली बंदूक लहान होती. एका वेळी एकच गोळी घेणारी. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. लोक मासे धरतात, तुम्ही कागदावर भोकं पाडता, असं मी मैत्रिणींना सांगायची.

मग दुसरी आणलीत. काळी, अंगावर खाचाच खाचा, बातम्यांतल्या सैनिकांच्या हातात असते तशी. तुम्ही मला अगदी वर्गात शिकवल्यासारखं समजावलंत. ही ऑटोमॅटिक नाही, अर्धी ऑटोमॅटिक आहे. चाप ओढला की एकच गोळी सुटते, फक्त पुढची आपोआप भरली जाते. सैन्यातलीसारखी नुसती दिसते. मी विचारलं, "मग तशी दिसणारीच कशाला हवी?" तुम्ही हसलात. त्या प्रश्नाचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही. पुढे सईलाही मिळालं नाही.

आणि त्याच वर्षी खंडेनवमीला तुम्ही तिला चौरंगावर ठेवलंत.

तुमचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. नवमीला पाने, पक्कड, हातोडी स्वच्छ पुसून पाटावर मांडायचे आणि दसऱ्यापर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. नवीन सून म्हणून आले तेव्हा मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. माणूस ज्याच्यावर पोट भरतो त्याला वर्षातून एकदा नमस्कार करतो, किती छान! इथंही तुम्ही ते सोडलं नाहीत. स्पॅनरचा सेट, लॅपटॉप, गाडीची किल्ली. कुंडीतला झेंडू तेवढ्यासाठी मे महिन्यातच लावायचात. पण त्या बंदुकीवर आपलं कुठलं पोट भरत होतं हो?

सई बारा वर्षांची. तिच्या हातून तुम्ही त्या बंदुकीला हळदकुंकू वाहवलंत. फुलांची माळ नळीवर. समोर निरांजन. आणि रीत म्हणजे रीत, मांडलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. जी वस्तू वापरात नसताना लोखंडी कपाटात कुलूपबंद असलीच पाहिजे असा कायदा, ती एक अख्खी रात्र आपल्या हॉलमध्ये! मी म्हटलं, हे चालतं का? तुम्ही म्हणालात, "रिकामी आहे. गोळ्या कपाटात आहेत. आणि देवापुढे ठेवलीय, चौकात नाही."

प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत चुकून कागद गेला तर हात घालून परत काढणारे तुम्ही. लाल सिग्नलला रस्ता मोकळा असला तरी थांबणारे, आणि मी पाऊल टाकलं तर दंडाला धरून मागे ओढणारे. पण देवाचं निघालं की जर्मनीचा कायदा आपल्या दाराबाहेर, चपलांशेजारी. आपण सगळेच असे आहोत. मीही दरवर्षी त्या काळ्या नळीपुढे नैवेद्याची वाटी ठेवलीच की.

दोन हजार पंधराच्या दसऱ्याला फ्रँकफर्टची मंडळी जेवायला आली होती. त्यांची ओवी चार वर्षांची. आम्ही बायका स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होतो. मी ताट घेऊन बाहेर आले तर ओवीनं रायफलची मागची बाजू चौरंगावर टेकवून पुढची उचलली होती आणि ती नळी बरोबर माझ्या पोटाकडे होती. तिचं बोट नको तिथं. ती तोंडानं "ठो" म्हणाली. सगळे हसले, अहो! तिची आईसुद्धा हसली. तुम्ही "थांब थांब, तशीच थांब" म्हणत फोटो काढलात आणि साताऱ्याच्या ग्रुपवर पाठवलात. खाली अंगठे आले.

मला माहीत होतं की ती रिकामी आहे. तरी माझ्या हातातल्या ताटातल्या पुऱ्या खाली पडल्या. पाहुणे गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, पुढच्या वर्षीपासून नुसते स्पॅनर मांडू या. तुम्ही म्हणालात, "तुला काय कळतंय त्यातलं?" रागानंसुद्धा नाही म्हणालात. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणालात.

त्यानंतर महिनाभरात पॅरिसचा तो हल्ला झाला. मग ब्रसेल्सहून प्रस्ताव आला की सैन्याच्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या अर्ध्या ऑटोमॅटिक बंदुका सामान्य माणसाकडे नकोतच. तुमच्या क्लबात रागाचा भडका उडाला. तुम्ही सह्यांचे कागद घेऊन कारखान्याच्या कँटीनमध्ये फिरलात. ज्यांच्याशी सात वर्षांत कधी बोलला नव्हतात त्यांच्याही सह्या आणल्यात. घरात जेवताना तोच विषय. गाड्यांखाली माणसं मरतात, मग गाड्यांवर बंदी घालणार का? गुन्हेगार कधी परवाना काढतो का? सई म्हणायची, "पापा, गाडीचा उपयोग पोचायला होतो." तुम्ही म्हणायचात, आधी जेव.

मार्चमध्ये क्लबनं सभा घेतली. बंदीच्या बाजूच्या एक बाईही बोलावल्या होत्या, तेवढा सरळपणा क्राउससाहेबांकडे होता. तुम्ही आठवडाभर भाषण पाठ केलंत, आरशासमोर. आणि चांगलं बोललात. आजही म्हणते, चांगलं बोललात. तुम्ही म्हणालात, "या देशात राहायला मी व्हिसा काढला, भाषेची परीक्षा दिली, रहिवासाचं कार्ड काढलं, मग हत्याराचं कार्ड. माझ्या बंदुकीचा नंबर सरकारच्या नोंदवहीत आहे. या हॉलमध्ये सगळ्यात जास्त तपासलेला माणूस मी आहे. आणखी किती वेळा मी चांगला आहे हे सिद्ध करू?" केवढ्या टाळ्या पडल्या! माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या टाळ्यांसाठी तुम्ही किती वर्षं थांबला होतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मग मागच्या रांगेतून सई उभी राहिली. सोळा वर्षांची. ती तुमच्याविरुद्ध काहीच बोलली नाही. तिनं फक्त विचारलं की कागदावर नेम धरायला एकेक गोळी भरणारी बंदूक पुरते, तर खेळणाऱ्यांना दुसरीच का हवी असते. आणि माझं नाव घेऊन मलाच उत्तर द्या, पापा, असंही म्हणाली. कुणीतरी हसून म्हणालं, "अगदी बापावर गेलीय." तुम्हीही हसलात, सगळ्यांसारखे. घरी आल्यावर मात्र किल्ली टेबलावर आपटलीत आणि म्हणालात, "चारचौघांत माझी लाज काढलीस."

मला त्या सभेत कुणी काही विचारलं नाही. मी बंदीच्या बाजूची की विरोधातली? वर्तमानपत्रात तज्ज्ञ लिहीत होते, टीव्हीवर पुढारी भांडत होते, क्लबवाले रागावले होते, शाळकरी मुलंही बोलत होती. त्या लोखंडी कपाटावरची धूळ दर शनिवारी पुसणाऱ्या बाईला काय वाटतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या तर नाहीच नाही.

मग नवरात्र आलं. मी पुन्हा म्हटलं, यंदा नको. ओवी येणार आहे, आता पाच वर्षांची झालीय, हातात जोरही आला असेल. तुम्ही म्हणालात, "यंदा तर मुद्दाम ठेवणार. ब्रसेल्सला कळू दे." ब्रसेल्सला काय कळणार होतं आपल्या हॉलमधलं? पण तुम्ही हट्टाला पेटला होतात.

आता ऐका. तुम्ही जिवंत असताना जे सांगायचं मला धाडस झालं नाही ते सांगते.

परवान्याच्या ऑफिसला पत्र सईनं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं.

हो, मी. मंगल. बेकरीत पाव मागताना जिला घाम फुटतो, ती.

तुम्हाला आठवत नसेल, पण त्या उन्हाळ्यात मी जर्मनची परीक्षा पास झाले होते. दोन वर्षं आठवड्यातून तीन सकाळी क्लासला जात होते. तुम्ही निकाल विचारला नाहीत, मीही दाखवला नाही. सईच्या गुणपत्रिका फ्रिजवर लागायच्या, माझं सर्टिफिकेट ड्रॉवरमध्ये गेलं. त्या क्लासात बाईंनी आम्हाला तक्रारीचं पत्र घोटून घेतलं होतं. का लिहिता आहात, काय घडलं, तुम्हाला काय हवंय, कधीपर्यंत. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

गावच्या वाचनालयात बसून टाइप केलं. सन्माननीय महोदय, महोदया, अमुक तारखेला अमुक घरात रायफल रात्रभर उघड्यावर ठेवली जाईल, दुसऱ्या दिवशी लहान मुलं येणार आहेत, कृपया मालकाला समज द्यावी. खाली सही केली नाही. तेवढं एकच मी बाईंनी शिकवल्याच्या उलट केलं.

मला काय वाटलं होतं सांगू? साताऱ्याला कुणी पोलिसांत तक्रार केली तर हवालदार येतो, दारात उभा राहून दोन शब्द सुनावतो, चहा घेतो आणि जातो. मला वाटलं इथंही तसंच. येतील, तुम्हाला बोट दाखवून सांगतील, तुम्ही ती कपाटात ठेवाल. माझं ऐकत नाहीत, निदान साहेबाचं ऐकतील. एवढीच माझी अक्कल! ज्या देशात पिवळ्या पिशवीचा कायदा आहे तिथं हत्याराचा कसा असेल, याचा मी विचारच केला नाही.

दसऱ्याच्या सकाळी परवान्याच्या ऑफिसातून दोघं आले, एक बाई आणि एक तरुण अधिकारी. तुम्हाला वाटलं नेहमीची अचानक तपासणी. तुम्ही सोवळं नेसलेले, कपाळाला गंध. घाबरला असतात तर मला कमी लागलं असतं. पण तुम्ही खूश झालात! दोन जर्मन माणसं घरात आली म्हणून त्यांना हॉलमध्ये नेऊन पूजा समजावून सांगायला लागलात. बाईंनी विचारलं, हे इथं कधीपासून आहे? आणि तुम्ही अभिमानानं म्हणालात, "कालपासून. आमच्यात दुसऱ्या दिवसापर्यंत हलवत नाहीत." त्या तरुणानं लिहून घेतलं. बाईंनी कुंकवाकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, तेही तुम्ही सांगितलंत. वर त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवून म्हणालात, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. बाईंनी ते पान सोफ्याच्या हातावर ठेवलं आणि फोटो काढायला लागल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुमच्याच तोंडून तुमचा जबाब ऐकत होते, आणि तुम्हाला गप्प करायचं मला सुचलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चौकशी झाली आणि नाताळच्या आधी ते पत्र आलं. परवाना रद्द. दोन्ही बंदुका परवाना असलेल्या माणसाला देऊन टाकायच्या. कारण काय, तर तुम्ही विश्वासार्ह राहिला नाहीत. तुम्ही तो एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतात. बंदुका गेल्याचं तुम्हाला दुःख झालंच असेल, पण त्या शब्दानं तुम्ही खचलात. क्लबनंही यादीतून तुमचं नाव कमी केलं. क्राउससाहेब कारखान्यात भेटले की हवापाण्याचं बोलायला लागले.

वकिलानं फाइलची प्रत मागवली, त्यात ते पत्र होतं. तुम्ही ते तीनदा वाचलंत आणि सईला हाक मारलीत. मी तिथंच पालक निवडत बसले होते.

सई म्हणाली, "इश वार्स निष्ट." मी नव्हते. तुम्ही म्हणालात, "मराठीत बोल. बापाशी मराठीत बोल." ती मराठीत म्हणाली, "मी नाही लिहिलं, बाबा." तुम्ही तो कागद तिच्यासमोर धरलात. "इतकं शुद्ध जर्मन या घरात कोण लिहितं? मी असं लिहू शकत नाही. तुझ्या आईला बेकरीत पाव मागताना घाम फुटतो. मग कोणी लिहिलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. पाव मिनिट असेल. मी पालकाच्या देठांकडे बघितलं.

का गप्प बसले? भीती वाटली हे पहिलं कारण. पण खरं सांगायचं ठरवलंय तर सगळंच सांगते. मला झोंबलं होतं. मुलीसमोर तुम्ही माझी किंमत पावावर आणलीत, आणि माझ्या मनात एक दुष्ट विचार येऊन गेला की बसा असेच, तुम्हाला बायकोच माहीत नाही. तेवढ्या एका क्षणाच्या समाधानासाठी मी माझ्या लेकीला तुमच्यापुढे टाकलं. उद्या सांगू असं म्हटलं. मग परवा. मग नाताळ झाल्यावर. मग तिची परीक्षा झाल्यावर. नंतर नंतर ते सांगणं इतकं अवघड झालं की मी त्याचा विचार करणंही सोडून दिलं.

आणि तुम्ही? दोन वर्षं! एका घरात, एका टेबलाशी. "तिला सांग भात घे म्हणून." "तिला विचार किती वाजता येणार." ती समोर बसलेली असायची, अहो! तिच्या बारावीच्या समारंभाला तुम्ही कामावर गेलात. ती कोलोनला निघाली तेव्हा गॅलरीतून बॅगा मोजल्यात, पण खाली उतरला नाहीत. एका मुलीनं आपलं मत मांडलं आणि एका कागदावर तिचं नावही नव्हतं, एवढ्या पुराव्यावर तुम्ही तिला शिक्षा केलीत. सरकारनं तुम्हाला निदान उत्तर द्यायला मुदत दिली होती. तुम्ही तिला किती दिलीत?

आणखी किती वेळा मी चांगला आहे हे सिद्ध करू, असं तुम्ही भर सभेत विचारलं होतंत. सईनं ते घरात विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतंत?

तिनं दुसऱ्यांदा कधी "मी नाही" म्हटलं नाही. एकदाच म्हणाली ती. तुमच्यावरच गेलीय.

मग तो नोव्हेंबरातला शनिवार, तुमच्या छातीत कळ, अँब्युलन्स. हॉस्पिटलात दिवसभर तुम्ही शुद्धीवर होतात. मी म्हटलं, सईला फोन करते. तुम्ही म्हणालात, "कळव. पण घाई करून यायला नको म्हणावं, परीक्षा असेल." दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही तिच्या परीक्षेचा विचार केला होतात. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी खुर्ची पुढे ओढली, तुमचा हात हातात घेतला, "अहो, एक सांगायचंय" एवढं म्हणालेसुद्धा. तुम्ही डोळे उघडलेत आणि पाणी मागितलंत. मी पाणी दिलं. नंतर नर्स आली. संध्याकाळी तुम्हाला ऑपरेशनसाठी आत नेलं, आणि सईची ट्रेन वाटेतल्या मानहाइमला पोचली तेव्हा तुम्ही गेला होतात.

म्हणजे तुम्ही तिला दोषी समजूनच गेलात. माझ्यामुळे. याचं काय करायचं ते मला वर्षभर कळलेलं नाही.

मी पत्र लिहिलं याचा मला पश्चात्ताप आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. ओवी त्या दुपारी आली तेव्हा चौरंगावर नुसते स्पॅनर होते. तिनं एक उचलून पायावर पाडून घेतला आणि थोडी रडली. तेवढंच झालं. मी ते पत्र पुन्हाही लिहीन. फक्त खाली सही करीन.

माझ्या त्या न केलेल्या सहीच्या जागी तुम्ही सईचं नाव वाचलंत, आणि मी वाचू दिलं. भाऊजी म्हणतात तो घात झाला आहे खरा. तुमचा नाही, तिचा. आणि तो आपण दोघांनी मिळून केला, संसारातलं बाकी सगळं केलं तसा.

तेव्हा आता शब्द देते. उद्या सकाळी मी भाऊजींना फोन करीन आणि नाव घेऊन सांगीन की ते पत्र माझं होतं. साताऱ्यात काय बोलायचं ते बोलू देत. शुक्रवारी सई आली की तिला आधी जेवायला वाढीन, कारण नंतर ती माझ्या हातचं जेवेल की नाही माहीत नाही. मग सांगीन. जर्मनमध्ये सांगीन, म्हणजे तिला एकही शब्द कळला नाही असं व्हायला नको, आणि मलाही कुठल्या शब्दाआड लपता येणार नाही.

शनिवारी गुरुजी स्काइपवर येतील. पळीपात्र आणि तीळ मी काढून ठेवीन, पण तिला पुढे बस म्हणणार नाही. तुम्हाला पाणी द्यायचं की नाही ते ती ठरवेल. तिनं नाही म्हटलं तर तुम्ही तहानलेले राहाल, आणि मीही तुमच्याशेजारी तशीच राहीन.

तुमचीच,
मंगल